छतावरची बांधी

पतिरामच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, हे केशोरावांना पुन्हा आठवलं ते शेजारच्या बिऱ्हाडात, सुशिलाबाईंच्या खोलीत, मान वर करून उभे असताना. छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. कडा पिवळट, मध्ये चुना फुगलेला, आणि फुगवट्याच्या टोकाशी एक थेंब, पडू की नको अशा बेतात लोंबत राहिलेला. पलंग बाजूला सरकवून खाली बादली ठेवली होती. "तीन दिन हो गये सरजी," सुशिलाबाई म्हणाल्या, "पहले लगा, पंखे का कुछ है. मग नीतू म्हणाली, मम्मी, हे वरून येऊन राहिलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी चहासुद्धा ठेवला होता. राग असता तर केशोरावांना निदान मान खाली घालता आली असती; आता मान वरच होती, आणि थेंब पडेपर्यंत ती खाली आणणं बरं दिसलं नसतं. त्या डागाच्या वर, वीतभर सिमेंटच्या पलीकडे, त्यांची बांधी होती. बांधीत पाणी होतं आणि पाण्यात पतिरामचा धान उभा होता. थेंब पडला. बादलीत बारीकसा आवाज झाला. दोन वर्षं कुणीतरी दार वाजवतं आहे आणि आपण आत पुस्तक धरून बसलो आहोत, असं काहीसं केशोरावांना वाटलं, आणि ते म्हणाले, "मी बघतो." काय बघतो ते त्यांना माहीत नव्हतं.

पत्र निळ्या आंतर्देशीय कागदावर होतं. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आलेलं. ते त्यांना पाठ होतं, तरी दर महिन्या-पंधरा दिवसांनी ते कपाटातून काढत, उलगडत, आणि चष्मा न लावता नुसतं धरून बसत. "आदरणीय सर, सादर नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहून राहिलो. पत्रास कारण की, मी दवाखान्यात असताना योगराजनं ढोलीतली बिजाई खायचा धान समजून मिलवर नेली. काळीनथ पूर्ण संपली. गावात आता दुसऱ्या कोणापाशी नाही. तुमच्यापाशी आहे. मूठभर पाठवा. मूठभर पुरते, तीन वर्षांत एक बांधी होते. पोराले काही बोललो नाही, त्यालाच लई वाईट वाटून राहिलं." खाली सही, आणि सहीखाली शिपाई हा शब्द लिहून खोडलेला. सव्वीस वर्षं पतिराम कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता आणि केशोराव ग्रंथपाल. सव्वीस वर्षं दोघं एका छताखाली फारसं न बोलता वावरले. केशोराव शिपायालाही तुम्ही म्हणत, त्यावरून कॉलेजात हसणं व्हायचं. पतिराम मात्र हसायचा नाही. तो पुस्तकं फडक्यानं पुसायचा आणि जेवणाच्या सुट्टीत कामठ्याच्या आपल्या शेतीविषयी दोन-तीन वाक्यं सांगायचा, जशी दुसरी माणसं हवेविषयी सांगतात. एवढ्या वर्षांत त्यानं मागितलेली ही पहिली वस्तू होती.

पत्नी निर्मलाबाई गेल्या त्या वर्षी रेलटोलीतली ही तिसऱ्या मजल्यावरची जागा एप्रिलमध्ये भट्टीसारखी तापली होती. त्या असताना कूलरच्या टाकीत पाणी घालण्याचं काम त्यांचं होतं. त्या गेल्यावर कूलर नुसताच फिरत राहिला आणि गरम वारा पुस्तकांची पानं उलटत राहिला. भिंतीला हात लावला तर चटका बसे. तशा दिवसांत पतिराम आला, खांद्यावर गमछा, हातात वाळका भोपळा. भोपळ्याचं तोंड चिंधीनं बंद केलेलं, आत धानाचं बियाणं. "सर, छत रिकामं काऊन ठेवता?" तो म्हणाला. केशोरावांना वाटलं, सांत्वनाचं काही बोलेल. तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी योगराजचा ट्रॅक्टर कामठ्याहून माती घेऊन खाली उभा राहिला. विटांचे दोन थर, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीत शेतातली काळी माती, असे चार वाफे त्या बापलेकांनी छतावर बांधले. वाफे म्हटलेलं पतिरामला चालायचं नाही. तो बांधीच म्हणायचा. "चार बांध्या झाल्या सर, आता तुम्ही कास्तकार." पश्चिमेच्या कठड्याशी एका ड्रममध्ये त्यानं पोपटाच्या शेंगांचा वेल लावला, गावात धुऱ्यावर लावतात तसा, आणि वेलाला वर चढवायच्याऐवजी कठड्यावरून खाली सोडलं. दोन पावसाळ्यांत त्या वेलानं खाली नीतूच्या खिडकीपर्यंतची भिंत झाकून टाकली. नीतू त्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घ्यायची. "अंकल, अब तो एसी भी नहीं लगता," ती एकदा जिन्यात म्हणाली, आणि केशोरावांना, ज्यांना कौतुक कसं घ्यावं हे कधीच कळलं नव्हतं, तो वेल पतिरामचा आहे हे सांगायचं राहून गेलं.

पहिल्या रोवणीला पतिराम धनवंताला, बायकोला, घेऊन आला होता. दोघांनी पायांनी चिखल केला. धनवंता हसत होती, की उभ्या जन्मात जिना चढून रोवायला जावं लागेल असं वाटलं नव्हतं. केशोरावांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि चिखलात पाय ठेवला, आणि त्यांना एकाएकी रडू येईल की काय अशी भीती वाटली, कारण चिखल गार होता आणि त्याच्याखालून घराची गरमी वर येत नव्हती. पतिरामनं पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी पाण्यात धुतली, उलटी धरली आणि मुळाजवळ बोट ठेवलं. "सर, वर नका पाहत जाऊ. बुड पाहत जा." केशोराव हो म्हणाले. ते त्या वेळी आकाशात बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानाकडे पाहत होते. ते छोटं विमान शहरावर गोल घालत होतं, आणि वरून ते चालवणाऱ्या पोराला पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये टपालाच्या तिकिटाएवढा हा हिरवा तुकडा दिसत असेल का, असा विचार त्यांच्या मनात चालला होता. त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचं वाक्य नेहमी अशा वेळी बोललं गेलं. निर्मलाबाईंनीही छातीत दुखतं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते वर्गीकरणाचा एक आकडा शोधत होते.

काळीनथ ही पतिरामच्या धानाची जात; टरफलाच्या टोकाशी काळा ठिपका, नाकातल्या नथीसारखा. हे केशोरावांनी ऐकलं आणि वहीत लिहून ठेवलं. दोन हंगाम सगळं ठीक चाललं. भात रांधला की जिन्यात वास जायचा. तिसऱ्या वर्षी त्यांनी चूक केली. कृषी केंद्रातून एका नव्या जातीची पुडी आणली आणि टाकीजवळच्या बांधीत ती लावली, नुसती तुलना करावी म्हणून. ग्रंथालयात दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात, तसं. दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रांच्या दिवसांत कापणी झाली, धान वाळला, आणि त्यांनी टेबलावर दिवा लावून भिंग घेतलं, तर काळीनथमधल्या निम्म्याअधिक दाण्यांना नथच नव्हती. टोकं फिकी, गवताच्या रंगाची. वारा, परागकण, संकर, हे शब्द त्यांना वाचून माहीत होते, आणि माहीत असलेल्या शब्दांनी त्यांना नेहमीप्रमाणे पटकन घेरलं. पतिरामच्या बापाच्या बापानं जपलेली जात आपण एका हंगामात बाटवली. त्यांनी नथवाले दाणे वेगळे काढले आणि फिके चिमण्यांना टाकले. पुढच्या मे महिन्यात ते पत्र आलं.

काय लिहायचं? नाही म्हणावं, तर खोटं. पाठवावं, तर त्यातलं किती खरं हे सांगता येत नाही, आणि पतिराम ते शेतात लावणार, तीन वर्षं वाट पाहणार, आणि चौथ्या वर्षी त्याला कळणार की सरांनी भेसळ पाठवली. त्यांनी उत्तरं लिहिली. एक आठ पानांचं झालं. त्यात परागीभवनावर दीड पान होतं. वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्यात बहुधा, कदाचित, माझ्या अल्प माहितीप्रमाणे. फाडलं. कामठा काही लांब नव्हतं. बसनं पाऊण तास. दोनदा ते स्टँडवर जाऊन उभे राहिले. एकदा बस लागली, कंडक्टरनं "चला काका, कामठा, कामठा" म्हणून हाक मारली, आणि ते शेजारच्या टपरीत पेपर घ्यायला वळले. पत्राचं उत्तर पत्रानंच दिलं पाहिजे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पुढच्या हंगामात नवी जात लावली नाही, तरी कापणीनंतर टेबलावर पुन्हा तेच. पुन्हा फिके दाणे चिमण्यांना. शेवटी नथवाले इतके थोडे उरले, की यंदाच्या रोवणीनंतर जे राहिले ते एका जुन्या पाकिटात मावले. पाकीट त्यांनी पत्राबरोबर त्याच कपाटात ठेवलं. सवाल आणि जवाब एकमेकांना लागून पडले होते, मध्ये फक्त केशोराव होते.

डाग दिसला त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये बैठक झाली. श्यामलाल अध्यक्ष. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बोलताना हात असा फिरायचा, की ठाण उलगडून दाखवताहेत. "देखो सरजी, आपल्याला कोणाचं मन दुखवायचं नाही. हरियाली सबको अच्छी लगती है. पण छत सगळ्यांचं आहे. मिस्त्री दिवाळीच्या आधी मोकळा आहे, बाद में नहीं मिलेगा. इतवार को छत खाली." सुशिलाबाई म्हणाल्या, "वेल राहू दिला असता तर बरं होतं. भिंत लई तपते." श्यामलाल म्हणाले, "भाभीजी, ड्रम हटेगा तो बेल कहां से रहेगी." मग ते केशोरावांकडे वळले. "आपका कुछ कहना है?" सगळे थांबले. खरोखरच थांबले, नंतर ते कितीदा तरी आठवलं. एक वाक्य होतं. धान दुधात आहे, पिकायला महिना लागेल, मंडईपर्यंत थांबा. ते वाक्य त्यांच्या घशात पूर्ण तयार होतं, शब्द लागोपाठ उभे होते. पण त्यांना सुशिलाबाईंच्या छताचा थेंब दिसला, बादली दिसली, आणि वाटलं, आपण मागावं असं आपल्यापाशी आहे तरी काय? एक भेसळीचा धान. "नाही, काही नाही," ते म्हणाले. कुणीतरी चहा मागवला. नीतू त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला.

रविवारी मिस्त्री सकाळी आला तेव्हा केशोराव आधीच छतावर होते. दुसऱ्या कुणी उपटण्यापेक्षा आपणच उपटावं असं त्यांनी ठरवलं होतं. बांधीतलं पाणी आदल्या दिवशीच सोडून दिलं होतं, चिखल घट्ट झाला होता, आणि प्रत्येक बुंधा सुटताना ओठ उघडल्यासारखा आवाज करत होता. त्यांना वाकवत नव्हतं. ते बसूनच उपटत होते आणि उपटलेला पेंढा मागे न बघता मागे टाकत होते. लोंब्या बोटांत दाबल्या तर दूध यायचं. चहा पिताना हाताला त्याचा वास येत होता, कच्चा, गोडसर, न्हाऊ घातलेल्या मुलाच्या डोक्यासारखा. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे ही उपमा आपल्याला कुठून सुचली, याचाही त्यांना थोडा संकोच वाटला.

मिस्त्रीचं नाव लखन. चाळिशीचा, कानावर पेन्सिल. ब्रश आणि डांबराचे डबे त्यानं जिन्याच्या तोंडाशी ठेवले आणि तो उभाच राहिला.

"हे कायले उपटून राहिले सर? दूध भरून राहिलं."

"छत मोकळं करायचं आहे ना."

"मंग महिनाभरानं केलं असतं. मी काय पळून जातो?" त्यानं पेंढ्यातला एक बुंधा उचलला, झटकला, आणि उलटा धरला. "बाप्पा. ही तर काळीनथ हाय."

केशोरावांचे हात चिखलात थांबले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कामठ्याचा हाय मी. हे पाहा ना बुड, जांभळं. दुसऱ्या कोनत्या धानाचं बुड असं राहते?"

"पण तिला नथ राहत नाही," केशोराव म्हणाले. आपला आवाज चढला आहे हे त्यांना ऐकू आलं. "मी पाहिलं आहे. भिंगातून पाहिलं आहे. निम्म्या दाण्यांना काही नसतं. भेसळ झाली आहे ती."

"नथ तर उतरते जी. ऊन लई लागलं, का पिकून उभी राहिली, का उतरते. आन हे तर सिमेंटचं छत, तवाच हाय." लखन हसला. "नथ दुधातच पाहावं लागते. हे पाहा." त्यानं लोंबी त्यांच्यासमोर धरली. हिरव्या, मऊ दाण्यांच्या टोकाटोकाला काळा ठिपका होता. प्रत्येक दाण्याला. केशोरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी मागे वळून पेंढ्याकडे पाहिलं. तीन बांध्या. त्यातला एकेक बुंधा त्यांनी उचलला आणि उलटा केला. जांभळं. जांभळं. वांग्याच्या सालीसारखं, मुळाजवळ बोटभर. एकही हिरवं नव्हतं. एवढ्या वर्षांत ते रोज सकाळी इथे येऊन उभे राहिले होते, आणि उभ्या धानात त्यांनी एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते टेबलावर, दिव्याखाली. टाकीजवळच्या त्या नव्या जातीनं काहीच केलं नव्हतं. फिके म्हणून चिमण्यांना टाकलेले सगळे दाणे खरे होते. वर नका पाहत जाऊ, सर.

"राहू देऊ का ही एक बांधी? सांगतो मी शेठले, थांबा म्हनून," लखन म्हणाला.

पण उरलेल्या बांधीतलं पाणीही गेलेलं होतं आणि ती नेमकी डागाच्या वर होती. खालून श्यामलालांचा आवाज आला, "हुआ क्या सरजी?" "होतंच आहे," केशोराव खाली ओरडून म्हणाले, आणि चौथी बांधी उपटायला बसले. लखननं खांदे उडवले आणि ब्रश भिजवायला घेतला.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पतिराम कसे आहेत?" इतक्या हळू, की लखनला काम थांबवावं लागलं.

"पतिरामबुवा? हाय ना. खाटेवर बसून राहते. डोळ्यानं दिसत नाई आता, साखरेनं गेले. नात हाय, खुशबू, ते वाचून दाखवते पेपर. लई वाचन लागते बुढ्याले." मग त्यानं स्वतःच विचारलं, "त्याचीच हाय का बिजाई? द्या मंग, मी नेऊन देतो सायंकाळी. कामठा हाय, किती दूर."

केशोराव उठले. गुडघे वाजले. घरात जाऊन पाकीट आणावं आणि याच्या हातात द्यावं, एवढंच करायचं होतं. आणि ते करून टाकण्याची त्यांना इतकी घाई झाली, की त्या घाईचीच शंका आली. लखन पुडी देईल. पतिराम ती चाचपेल. हे खरं का, असं विचारेल, आणि तिथे कुणी नसेल उत्तर द्यायला. पतिरामला आता बुड दिसणार नव्हतं. ज्या एका माणसाच्या डोळ्यांवर सगळं सोडून मोकळं व्हावं असं केशोरावांनी दोन वर्षं मनात धरलं होतं, ते डोळे नव्हतेच. "नको," ते म्हणाले. "त्यांचं पत्र आलं होतं मला." लखननं मान हलवली, जशी म्हाताऱ्या माणसांपुढे हलवतात.

दुपारी ड्रम गेला. वेल कठड्यापाशी कापला तेव्हा भिंतीवर काहीच झालं नाही, पानं तशीच हिरवी राहिली. सुशिलाबाई खिडकीतून हात बाहेर काढून शेंगा तोडत होत्या. "दो दिन और हरी रहेगी," त्या आत कुणाला तरी सांगत होत्या. छतावर डांबराचा वास होता. बांध्यांच्या जागी चार ओले चौकोन राहिले होते, ते वाळत वाळत लहान होत गेले. केशोराव ते पूर्ण वाळेपर्यंत बसले नाहीत. खाली आले, हात धुतले, नखांत चिखल राहिला, आणि टेबलाशी बसून लिहायला घेतलं. भिंग बाजूला सरकवलं.

"पतिराम, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. बिजाई सोबत आहे. तुम्ही मूठभर मागितली होती, ही मूठभर नाही. बाकीची मी टेबलावर बसून फिकी म्हणून टाकून दिली आणि उभा धान आज माझ्याच हातानं उपटला, दुधात असताना. तुम्ही बुड पाहायला सांगितलं होतं, मी विमान पाहत होतो. पाकिटात एक बुड ठेवलं आहे, खुशबूला दाखवा. बहुधा ते जांभळं आहे." इथे ते थांबले. पंख्याची हवा कागदाचा कोपरा उचलत होती. सोबत बुंध्याचा बोटभर तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला होता आणि कागदाला त्याचा ओला डाग पडला होता. त्यांनी बहुधा हा शब्द खोडला. खोडलेलं दिसत होतं. नवा कागद घेऊन सगळं पुन्हा लिहिलं, आणि शेवटी: "ते जांभळं आहे. मी पाहिलं आहे."

सोमवारी पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागे रीना नावाची मुलगी होती. पाटीवर नाव होतं. तिनं पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, बोटानं दाबून पाहिलं. आत दाणे सरकले.

"क्या है इसमें, काका?"

"बिजाई. धानाची."

"जिवंत आहे ना पण? नाहीतर पोहोचून उगवणार नाही आणि तुम्ही इथे भांडायला येणार."

केशोरावांना सांगायचं होतं, की ती गेल्या वर्षीची होती, की थंड जागी ठेवायला हवी होती, की ग्रंथपालाला यातलं काय कळणार, की पतिरामला पुढे तीन पावसाळे मिळतील का हेही कुणाला माहीत नाही. डोक्यावरून विमान गेलं असावं, आवाज आला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आहे," ते म्हणाले.

रीनानं शिक्का मारला, दोनदा, आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. केशोरावांचा हात खिडकीच्या आत तसाच राहिला होता. "झालं काका," ती म्हणाली, आणि पावती त्या हातात ठेवली.